चुनावाला

कॉम्प्युटर चौथ्यांदा बंद पडला तेव्हा मी दोनशे एकतिसाव्या मुलीची उंची टाइप करत होते. पाच फूट एवढं लिहून झालं आणि पडदा काळा. ती मुलगी पाच फुटांवर किती इंच होती ते कागदावर होतं, पण त्याआधीची तिची जन्मवेळ, मामेकुळ आणि अपेक्षा सगळं गेलं. मी कीबोर्ड उचलून टेबलावर आपटला.

ओसरीवरून बाबांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, तुम्ही तंबाखू मळा.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी पेन्सिलीनं वेळ मांडत होते. पहिल्यांदा एकोणतीस मिनिटं चालला. मग तेवीस, मग वीस. आता सतरा. सोमवार होता, मे महिना, साल दोन हजार नऊ, गाव मूर्तिजापूर. बाहेर सेहेचाळीस डिग्री. शुक्रवारी सकाळी पुस्तिकेची सगळी पानं अकोल्याच्या छापखान्यात पोचवायची होती, कारण रविवारी आमच्या समाजाचा वधू-वर परिचय मेळावा होता. तीनशे बारा मुलं-मुली होती आणि प्रत्येकाला फोटोसकट अर्धं पान.

ही पुस्तिका दरवर्षी अकोल्यालाच टाइप व्हायची. त्या वर्षी मेळावा भरवणाऱ्या मंडळाचे सचिव गावंडे सर, हे हायस्कुलातून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, स्वतः माझ्याकडे आले आणि म्हणाले, गावात एक बाई हे काम करते तर बाहेर कशाला द्यायचं. यातलं 'एक बाई' मला टोचलं, पण मी काम घेतलं. सहा वर्षांपूर्वी नवऱ्यानं भरलं ताट भिंतीवर फेकलं, त्याच दुपारी मी एक बॅग घेऊन एसटीत बसले आणि वडिलांच्या घरी आले ती आले. गावाच्या लेखी मी तेवढीच होते. पुस्तिका वेळेवर गेली नाही तर लोक काय म्हणतील ते मला पाठ होतं. हिचं संसारात जमलं नाही, हिचं इथं काय जमणार. ते ऐकायची माझी तयारी नव्हती.

कॉम्प्युटर का बंद पडतो हे सांगायला येईल तो तयार होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, ऊन आहे. पोस्टमन म्हणाला, ऊन आहे. गावंडे सर दुसऱ्या दिवशी डोकावले आणि म्हणाले, "कुंदाताई, त्याला कूलर लावा कूलर." मी म्हटलं, सर, त्याला आत कूलर असतो. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे.

आमच्याकडे 'कूलर' म्हणजे खिडकीतली पाण्याची आणि वाळ्याच्या ताट्यांची लोखंडी पेटी. घरात एकच होती, ती बाबांच्या खोलीत. बाबा एसटीच्या डेपोत तीस वर्षं फिटर होते, गुडघे गेलेले, दुपारी तिथं पडायचे. मंगळवारी दुपारी मी वळून पाहिलं तर बाबा ती पेटी ढकलत माझ्या खोलीच्या दारात आलेले. घामानं बनियन भिजलेलं.

मी म्हटलं, "तुम्हाला कोणी सांगितलं? गुडघे दुखतील."

"राहू दे," म्हणाले. "त्याले लागते थंडी. मले कशाले लागते?"

कूलर लावल्यावर कॉम्प्युटर एकवीस मिनिटं चालला. बाबा दारात उभे राहून मिनिटं मोजत होते. एकविसाव्या मिनिटाला पडदा गेला, तेव्हा ते ओसरीवर जाऊन बसले. मला वाटलं, माझी काळजी. मी तेव्हा त्यावर अधिक विचार केला नाही, चिडायला वेळ कमी पडत होता.

आमच्या गल्लीत चार घरं सोडून प्रफुल्ल इंगोलेचं दुकान होतं, कॉम्प्युटर दुरुस्तीचं. तीसेक वर्षांचा, सावळा, कमी बोलणारा, गालात कायम खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण. माझ्या कॉम्प्युटरचं सगळं तोच बघायचा. एप्रिलमध्ये त्यानं तो पूर्ण उघडून साफ करून दिला होता. पण तो त्या आठवड्यात सामान आणायला नागपूरला गेलेला. मी फोन लावला.

त्यानं शांतपणे एकेक विचारलं. पंखा फिरतो का? फिरतो. आवाज करतो का? मी म्हटलं, पंधरवड्यापूर्वी करकर करत होता, मी दोन दिवस दर्यापूरला लग्नाला गेले, परत आले तर आवाज आपोआप बंद. तो म्हणाला, आपोआप? मी म्हटलं, हो, आपोआप, तुला काय म्हणायचंय? तो म्हणाला, काही नाही. मग त्यानं कॉम्प्युटर सुरू होतानाच एक बटण दाबून निळ्या पडद्यावर जायला सांगितलं, तिथं आतलं तापमान लिहिलेलं असतं. मी वाचलं. शहाण्णव. पाच मिनिटांत एकशे एक, आणि बंद.

"ताई, प्रोसेसर तापून रायला," तो म्हणाला. "जीव वाचवासाठी स्वतःच बंद होते. त्याच्यावरचा कूलर नीट बसला नसन. मी गुरुवारी येतो. तोपर्यंत एका बाजूचा पत्रा काढून टेबलफॅन लावा. आत हात लावू नका."

फोन ठेवता ठेवता म्हणाला, "आणि ताई, माझा फोटो जरा उजळ करान का? कारंज्याचे लोक येनार हायेत मेळाव्याले."

तोही त्या तीनशे बारांत होता. क्रमांक एकशे सत्तेचाळीस. शिक्षण आयटीआय, स्वतःचे दुकान, स्वभाव मनमिळाऊ, निर्व्यसनी. 'निर्व्यसनी' टाइप करताना मी हसले होते, त्याचा गाल आठवून. कारंज्याच्या मुलीचाही फॉर्म माझ्याकडेच होता, क्रमांक त्र्याण्णव, अंगणवाडी सेविका. तिचे वडील आणि गावंडे सर जुने ओळखीचे. बोलणी जवळजवळ ठरल्यातच जमा होती, मेळाव्यात फक्त रीतसर पाहायचं होतं.

मी त्याचा फोटो खरंच उजळ केला. मंगळवार आणि बुधवार मी असे काढले. वीस मिनिटं काम, मग चाळीस मिनिटं तो थंड होण्याची वाट. प्रत्येक मुलीनंतर सेव्ह, प्रत्येक मुलानंतर सेव्ह. पत्रा काढलेला, टेबलफॅन पोटात घुसवलेला, खिडकीतून कूलरची ओली हवा आणि कागद सगळीकडे उडतायत. बुधवार संध्याकाळपर्यंत बावीस पानं बाकी होती आणि यंत्र बारा मिनिटांवर आलं होतं. त्या दोन दिवसांत मी बाबांवर किती वेळा ओरडले ते मोजलं नाही. पाणी का आणलं म्हणून ओरडले, पाणी का नाही आणलं म्हणून ओरडले.

गुरुवारी सकाळी गावंडे सर येऊन खुर्चीत बसले. म्हणाले, ताई, खरं सांगा, होणार का? नाहीतर मी अकोल्याला शब्द टाकतो, उरलेली पानं ते करतील. एवढ्या गोड आवाजात म्हणाले की माझं डोकंच फिरलं. मी त्यांच्या देखत स्क्रूड्रायव्हर घेतला आणि खाली बसले.

आत हात लावू नका, असं प्रफुल्लनं सांगितलं होतं. पण तो आला नव्हता आणि सर बसलेले होते.

प्रोसेसर म्हणजे काडेपेटीपेक्षा लहान चौकोन. त्याच्यावर ॲल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा बसतो आणि ठोकळ्यावर पंखा. ठोकळा उष्णता ओढून घेतो, पंखा ती उडवतो. दोघांच्या मधे एक पांढरी पेस्ट लावतात, म्हणजे उष्णता नीट वर जाते. हे सगळं मी प्रफुल्ल काम करत असताना पाहिलं होतं. ठोकळा चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर बसतो. त्यातली एक खुंटी तुटलेली होती आणि तो कोपरा बारीक तारेनं बांधलेला होता. मी तार तशीच सरकवून काढली, ठोकळा उचलला.

खाली पांढरं होतं. पण पेस्ट नव्हती. वाळून खडखडीत झालेलं, भेगा पडलेलं, बोट लावलं तर पिठासारखं सुटणारं. ठोकळ्याच्या तळाला काळे खड्डे पडले होते, ॲल्युमिनियम खाल्लं गेलं होतं. मी चिमूट बोटांत चोळली आणि बोटांची कातडी ओढल्यासारखी झाली. लहानपणी आजोबांच्या पानाला मी जे बोटानं लावायचे, ते हेच. आणि त्या पांढऱ्यात एक तपकिरी काडी रुतली होती. तंबाखूची.

"चुना," मी म्हटलं.

गावंडे सर वाकले. "काय?"

"चुना आहे हा. खायचा चुना. त्या प्रफुल्लनं एप्रिलमध्ये पेस्टच्या जागी चुना लावलाय."

आणि नेमका त्याच वेळी प्रफुल्ल दारात आला. नागपूरच्या गाडीतून उतरून सरळ आला होता, खांद्याला बॅग. मला पाहून हसला. मी उभी राहिले.

मी काय काय बोलले ते सगळं इथं लिहिणार नाही. माझ्या जिभेला हाड नाही हे तेव्हाही सगळे म्हणत, आणि त्या दिवशी मला चार दिवसांचा हिशेब चुकता करायचा होता. मी म्हटलं, तू दुकानदार नाहीस, लबाड आहेस. मी ठोकळा त्याच्या तोंडासमोर धरला. ही तार बघ, म्हटलं, खुंटी बदलायचीसुद्धा अक्कल नव्हती का, कपड्यांची दोरी बांधल्यासारखी तार बांधलीस. फॉर्मवर निर्व्यसनी लिहितोस आणि तुझ्या तोंडातला चुना माझ्या मशिनीत.

शेवटचं वाक्य मी गावंडे सरांकडे बघून बोलले. ते मी मुद्दाम केलं. आजही मला ते आठवतं तेव्हा कानशिलं तापतात.

प्रफुल्लनं ठोकळा हातात घेतला, उलटा करून नीट पाहिला. तार पाहिली. मग सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ताई," तो म्हणाला, "मी खर्रा खातो. खोटं काहून बोलू. पण खर्रा पानठेल्यावरून घोटून भेटते, पन्नीत बांधून. त्याच्यात चुना आधीच राहते. मले चुना जवळ ठेवाचं कामच पडत नाही."

एवढंच. स्वतःला सोडवायला त्यानं सरांसमोर आपलं व्यसन कबूल केलं आणि मी ते ऐकूनही घेतलं नाही. मला ती पळवाट वाटली. खर्रा काय, तंबाखू काय, चुना तो चुनाच.

ओसरीवरून बाबा उठून दाराशी आले होते. चौकटीला धरून उभे. म्हणाले, "कुंदा, थांब जराशी. मी काय म्हणतो..."

"बाबा, तुम्ही मधे बोलू नका," मी ओरडले. "ज्यातलं कळत नाही त्यात बोलू नका."

बाबा परत ओसरीवर गेले.

"नीघ," मी प्रफुल्लला म्हटलं. "चुनावाल्या, नीघ माझ्या घरातून."

गावंडे सरांना हसू आवरेना. म्हणाले, "म्हणजे अक्षरशः चुना लावला म्हणायचा!" आणि रुमालानं डोळे पुसत हसत राहिले.

प्रफुल्लनं बॅग उघडली, नवी खुंटी आणि पेस्टची छोटी नळी काढून टेबलावर ठेवली. "तांदळाएवढी लावा," म्हणाला. "जास्त नको." आणि गेला.

मी चुना खरवडला, कापडानं पुसला, तांदळाएवढी पेस्ट लावली, खुंटी बसवली. निळ्या पडद्यावर बावन्न आलं. पाच मिनिटांनी चोपन्न. दहा मिनिटांनी चोपन्न. सर टाळी वाजवून उठले आणि गावात गेले. ते गावात गेले म्हणजे काय झालं असेल ते सांगायला नको.

मी न उठता पानं केली. साडेपाचच्या सुमाराला शेवटचं पान प्रिंटरमधून येत होतं आणि मी पाय मोकळे करत टेबलावरचा पसारा आवरायला लागले. ती काढलेली तार हातात आली. फेकता फेकता थांबले.

तारेला पीळ सहा होते, सारखे, घट्ट. आणि दोन्ही टोकं पकडीनं आत वळवलेली होती, कोणाच्या हाताला लागू नयेत म्हणून.

खिडकीतून मला अंगणातली कपड्यांची तार दिसत होती. तिची टोकं आत वळवलेली. बादलीच्या कडीला बांधलेली तार, मच्छरदाणीची, फाटकाची, गॅसच्या नळीची. घरातली प्रत्येक तार अशी होती. डेपोत बाबा नव्या पोरांना पहिली गोष्ट ती शिकवायचे. तुमच्यानंतर तिथं कोणाचा तरी हात जाणार आहे, टोक आत घाला.

आणि मग प्रफुल्लचं वाक्य मला ऐकू आलं. जवळ चुना ठेवावा लागतो तो तंबाखू मळणाऱ्याला. आमच्या घरात चुन्याची डबी एकाच्याच खिशात होती. दर्यापूरला जाताना मी बाबांना ओरडून सांगितलं होतं, या पंख्याच्या आवाजानं माझं डोकं उठलंय, तोडून टाकीन एक दिवस. परत आले तर आवाज आपोआप बंद झालेला.

मी ओसरीवर गेले. बाबा तळहातावर तंबाखू घेऊन बसले होते, मळत नव्हते, नुसती धरून.

"बाबा, तुम्ही माझा कॉम्प्युटर उघडला होता?"

"मी काहून खोलू?" माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी उभी राहिले. मला ओरडायचं होतं. पण आत प्रिंटरमध्ये शेवटचं पान होतं, आणि गावंडे सर सकाळी न्यायला येणार होते. हे बाहेर गेलं तर गाव म्हणेल, हिच्या घरातच हे असं. मी परत आत गेले आणि पानं लावायला बसले. बाबांचं खोटं मी तसंच ठेवून घेतलं, कारण ते माझ्याही सोयीचं होतं. हे मला त्याच क्षणी कळलं होतं, मागाहून नव्हे.

रविवारी मेळाव्याला बाबा आले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले. हॉलमध्ये पाचशे माणसं, सगळ्यांच्या हातात माझी पुस्तिका, तिचाच पंखा करून वारा घेत होते. एकेक मुलगा-मुलगी स्टेजवर जाऊन माइकवर आपली ओळख सांगायची. एकशे सत्तेचाळीस नंबर पुकारला. प्रफुल्ल इस्त्रीचा निळा शर्ट घालून वर गेला. गाल रिकामा होता.

"नमस्कार. माझं नाव प्रफुल्ल..."

"चुनावाला!" मागून कोणीतरी ओरडलं.

आधी मागच्या दोन रांगा हसल्या. मग सगळा हॉल. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना शेजारच्यांनी सांगितलं आणि मग ते हसले. कारंज्याचे लोक तिसऱ्या रांगेत होते. मुलीच्या वडिलांनी पुस्तिका मिटून मांडीवर ठेवली. प्रफुल्लनं माइक जागेवर लावला आणि पायऱ्या उतरून खाली आला. नाव पूर्ण सांगितलं नाही.

त्यानंतर तासाभरानं माझा सत्कार होता. शाल, नारळ. गावंडे सर म्हणाले, अनंत अडचणींवर मात करून आमच्या ताईंनी, इत्यादी, आणि माइक माझ्यापुढं केला. दोन शब्द बोला. मी काही ठरवून गेले नव्हते. पण मघाचं ते हसणं माझ्या डोक्यात होतं आणि मला त्या सगळ्या हॉलचा संताप आला होता.

"माझ्या कॉम्प्युटरला चुना प्रफुल्ल इंगोलेनं लावला नव्हता," मी म्हटलं.

मागून तोच आवाज, "मग कोणी लावला?"

समोर पाचशे चेहरे. मी बाबांचं नाव घेऊ शकले असते, ते तिथं नव्हतेही.

"मी लावला," मी म्हटलं. "माझ्या हातून झालं आणि मी त्याच्यावर ढकललं."

कोणी हसलं नाही. गावंडे सरांनी घाईनं माइक घेतला आणि पुढचं नाव पुकारलं. दाराशी प्रफुल्ल उभा होता. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला त्याचा अर्थ लागला नाही. चीड असेल, असं मी धरून चालले.

घरी येऊन शाल खाटेवर टाकली आणि बाबांना सांगितलं. एकेक शब्द सावकाश सांगितला, की मी माइकवरून काय म्हणाले. मग त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांना बोलायला एवढी मोकळी जागा मी आयुष्यात कधी दिली नव्हती.

बाबा जमिनीकडे बघत म्हणाले, "बरं केलंस."

बस. बरं केलंस. त्यांनी सवयीनं खिशात हात घातला, डबी काढली, पाहिली आणि परत ठेवली. त्या दिवसापासून त्यांनी तंबाखू सोडली. चाळीस वर्षांची सवय, एका दिवसात. येणारा-जाणारा म्हणायचा, काय निश्चय आहे उत्तमरावांचा. मी आतून ऐकायचे आणि दात चावायचे. मला त्यांचा निश्चय नको होता. मला एक वाक्य हवं होतं, आणि त्यापेक्षा त्यांना तंबाखू सोडणं सोपं वाटलं.

कारंज्याची बोलणी मोडली. व्यसनावरून मोडली, असं गावंडे सर म्हणाले. पुढच्या वर्षी पुस्तिका अकोल्याला गेली. प्रफुल्लचं लग्न तीन वर्षांनी झालं, हिंगणघाटची मुलगी. पण नाव काही सुटलं नाही. मी माइकवरून काय बोलले ते गाव आठवड्यात विसरलं. चुनावाला मात्र राहिला, कारण तो हसायला बरा होता. कोणाचा कॉम्प्युटर बिघडला की आजही म्हणतात, चुनावाल्याकडे टाक. त्याचं दुकान टाळायला मी रस्ता बदलायचे. यंत्र बिघडलं तर अकोल्याला न्यायचे.

त्यानंतर बाबा चौदा वर्षं त्याच घरात माझ्यासोबत राहिले. आम्ही जेवायचो, बातम्या बघायचो. मी ओरडायचे, ते ऐकायचे. मागच्या मार्गशीर्षात गेले.

बाराव्या दिवशी सकाळी प्रफुल्ल आला. केस पांढरे झालेले. ओसरीवर बाबांच्या फोटोसमोर हात जोडले आणि खुर्चीच्या कडेला बसला. मीच म्हटलं, त्या वेळचं सगळं माझ्यामुळं झालं.

"तुमच्यामुळं नाही ना, ताई," तो म्हणाला. "तुम्हाले तर माहीतच असन. काकांनी मले सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"का मीच चुना लावला म्हून. त्याच शुक्रवारी, मेळाव्याच्या आधी. दुकानात आले लंगडत. म्हणे, पंख्याले तेल द्याले खोललं, तर ते पांढरं पुसल्या गेलं, खुंटीही तुटली. काय लावतात ते माहीत नव्हतं. पांढरं होतं म्हून पांढरं लावलं." तो थोडा हसला. "माझ्या पाया पडाले वाकले. मी पडू देल्लं नाही."

मी चौकटीला धरलं. म्हणजे स्टेजवर नाव अर्धं टाकून तो खाली उतरला, तेव्हा त्याला माहीत होतं.

"मग तू बोलला का नाहीस? तिथं माइक तुझ्या हातात होता."

"काकांनी शब्द घेतला होता. म्हणे, गावाले सांग पाहिजे तर, पण मंग तिच्या कानावर जाईल. तिले कळू देऊ नको." तो फोटोकडे बघत बोलत होता. "मी म्हटलं, काका, पोटची पोरगी हाय, सांगून टाका. तर म्हणे, तिचा राग तुले माहीत नाही. एक घर सोडलं तिनं रागात, बॅग घेऊन. आता हेही सोडून गेली तर कुठी जाईल?"

ओसरीवर ऊन आलं होतं. अंगणातल्या तारेवर माझी साडी वाळत होती.

प्रफुल्ल उठला. म्हणाला, "येतो मी, ताई. दुकान उघडाचं हाय."

"चहा घेऊन जा."

"नको ताई, उगाच कशाले..."

"बस म्हटलं ना," मी ओरडले, आणि माझा आवाज सगळ्या घरात गेला.

तो घाबरून बसला. मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं आणि मग पदर तोंडात कोंबून रडले.